चेहरा अंकाची घडी

माझ्या मावसबहिणीचा, नलूचा, मला लहानपणी फार हेवा वाटायचा. आता मी साठीला टेकले, गुडघे बोलायला लागले, आणि हेवा अजून वाटतो. लोक म्हणतात, वय झालं की हे सगळं आपोआप गळून पडतं. माझे दात गळले, केस गळले, हे काही गळलं नाही. नलूचं नाक सरळ होतं, तिचं घर बाजारात होतं, तिच्या वेण्यांना रोज वेगळी रिबीन असायची. ते सगळं मी एक वेळ पोटात घातलं असतं. पण नलूजवळ कॉमिक्स होती, आणि माझ्याजवळही कॉमिक्स होती, आणि त्या दोहोंत जो फरक होता तो मला झोपू द्यायचा नाही.

आम्ही कोराडीला, वीजकेंद्राच्या वसाहतीत राहायचो. बाबा टर्बाइनवर पाळीने कामाला. आमच्याकडे राख हे घरातलं एक माणूसच होतं म्हणा ना. सकाळी आई ओसरी पुसायची, दुपारी पुन्हा पुसायची, आणि संध्याकाळी बाबा चप्पल काढून आत आले की त्यांच्या पावलांचे ठसे फरशीवर उमटायचे. वाळत घातलेले पांढरे कपडे पांढरे म्हणून कधी परत आलेच नाहीत. केंद्राच्या धुराड्यांचा घुं घुं आवाज इतका सवयीचा होता की पाहुणे विचारायचे, "हे काय वाजून राहिलं?" आणि आम्ही विचारायचो, "काय?" माझी कॉमिक्स सीताबर्डीच्या पदपथावरून आलेली, चार हातांतून फिरलेली. कव्हर असलं तर शेवटचं पान नसायचं. मी ती जेवताना वाचायची, आणि आई जेवण करायची ते भिवापूरच्या तिखटाचं. आईचं माहेर भिवापूरचं; दरवर्षी मामा नव्या मिरचीचं पोतं घेऊन यायचा आणि आठवडाभर सगळी वसाहत शिंकायची. त्यामुळे माझ्या प्रत्येक कॉमिकच्या उजव्या कोपऱ्यावर एक लाल बोट असायचं, आणि घडीत राखेची बारीक रेघ. आज कुणी माझे डोळे बांधून माझं कॉमिक नाकाशी धरलं, तरी मी त्या दिवशी वडाभात होता की भरीत, ते सांगू शकेन.

कुसुममावशी, आईची धाकटी बहीण, नागपूरच्या कापडबाजारात, गांधीबागेत दिलेली. तिचे यजमान, आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो, साड्यांचे ठोक व्यापारी. खाली दुकान, वर घर. सुट्टी लागली की कोराडीची बस आम्हाला शहरात आणून टाकायची आणि मी जिना चढण्याआधी दुकानाच्या दारात उभी राहून वास घ्यायची. नव्या कापडाची खळ, गादीवरची स्वच्छ पांढरी चादर, उदबत्ती. गठ्ठे जमिनीवर आदळायचे, हमाल ओरडायचे, मोजायचा लोखंडी गज कापडावर टकटक चालायचा, आणि मधेच काकाजी एखाद्या गिऱ्हाइकापुढे साडी फेकायचे. ती हवेत उलगडायची आणि जमिनीला लागताना आवाजसुद्धा व्हायचा नाही. वर मावशीने कोथिंबिरीच्या सांभारवड्या तळायला घेतलेल्या असायच्या. घरात तळण असूनही तिथे कशालाच तेलकट हात लागलेला नसे. तेलाचं बोट साडीला लागलं की माल गेला, हे त्या घरातलं मूलही जाणून होतं.

नलू माझ्याच वयाची. कॉमिक्सचं वेड तिला माझ्यामुळेच लागलं, हे मी इथे नोंदवून ठेवते, कारण पुढे हे कुणी म्हणायचं नाही. पण वेड माझं आणि शिस्त काकाजींची, असं ते मिश्रण झालं. तिची कॉमिक्स साड्यांच्या रिकाम्या खोक्यांत असायची. प्रत्येकाला साडीवरचं पातळ प्लास्टिक, दोन कॉमिक्सच्या मधे पुठ्ठा, तळाशी वाळलेला कडुनिंब. काकाजी पोरीचा छंद बघून हसायचे, पण हसता हसता एखादं उचलून उजेडात धरायचे आणि कापड पाहावं तसं पाहायचे. काठ सरळ आहेत का, घडीवर पांढरं पडलंय का, कुठे घामाचा डाग आहे का. "हा कोरा," ते म्हणायचे, "अन् हा वापरलेला." माझं कॉमिक त्यांनी एकदा दोन बोटांत धरलं, पाहिलं, आणि काही न बोलता मला परत दिलं. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं.

नलूचं वाचणं तर पाहण्यासारखं होतं. कॉमिक पूर्ण उघडायचं नाही, कारण घडी पांढरी पडते. दाराच्या फटीतून शेजाऱ्याकडे बघावं तसं ते बोटभर उघडायचं आणि मान वाकडी करून आत डोकवायचं. तिची मान आजही किंचित डावीकडे कललेली आहे. डॉक्टर मणक्याचं काहीतरी सांगतात. मला खरं कारण ठाऊक आहे. मी हात पुढे केला की ती आधी माझे तळवे पाहायची.

"हात धुतले काय वं?"

"धुतले नं."

"पुन्हा धू. नखात राख हाय तुह्या."

मी मोरीवर जाऊन धुवायची, पदरासारखा फ्रॉक धरून पुसायची, परत यायची, आणि ती पुन्हा तळवे पाहायची. माझी राख तिच्या घरी धुऊन निघत नाही असं मला वाटायचं. आता वाटतं, ती खरोखर नखातच होती. पण तेव्हाचं वाटणं काही चूक नव्हतं.

त्या घरातली एक रीत इथे सांगायलाच हवी. आपल्याकडे बायका नवी साडी पहिल्यांदा स्वतः नेसत नाहीत. जिच्यावर जीव आहे तिला नेसायला देतात. घडी मोडायला देणं म्हणतात त्याला. मावशीच्या घरी साड्यांना तोटा नव्हता, आणि मावशीची प्रत्येक भारी साडी आधी माझ्या आईच्या अंगावर चढायची. आम्ही गेलो की मावशी कपाट उघडून म्हणायची, "ताई, घडी तू मोड." आई लाजायची, नेसायची, दिवसभर जपून बसायची, आणि दुसऱ्या दिवशी साडी नीट घडी करून परत द्यायची. घरी जाताना बसमध्ये तिचा चेहरा फुललेला असायचा. मला मात्र एकच दिसायचं, की साडी परत गेली. एका वर्षी आईचा हात मोडला होता, आम्ही महिनोन्‌महिने गांधीबागेत गेलो नाही. मावशीने दसऱ्याला घेतलेली वांगी रंगाची टसर तोवर तशीच कपाटात राहिली. घरच्या लग्नात मावशी जुनीच साडी नेसून गेली, तर तिच्या सासूने विचारलं, नवी काहून नाही नेसली? मावशी म्हणाली, "शब्द देला नं ताईले. ते घडी आता तिची हाय. तिनं मोडल्याबिगर मले कशी नेसता येईन?" आईने हे कौतुकाने दहा जणींना सांगितलं. मी ऐकलं आणि विसरले. म्हणजे तसं मला वाटलं.

त्या वेळी आम्ही सगळी पोरं एका नकाबवाल्या नायकाच्या पाठी लागलो होतो. कप्तान भानू त्याचं नाव. हिंदीत निघायचं ते कॉमिक, कुठल्याशा लहान छापखान्यातून, कधी वेळेवर न येणारं. भानूचा चेहरा कधीच कुणी पाहिलेला नव्हता. तो मित्रांपुढे पाठ करून जेवायचा. आमच्या वसाहतीत यावरून मारामाऱ्या व्हायच्या. कुणी म्हणे त्याला चेहऱ्यावर भाजल्याची खूण आहे, कुणी म्हणे तो खलनायकाचा जुळा भाऊ. आणि मग जाहिरात आली, की दिवाळीला चेहरा अंक. शेवटची दोन पानं कडेने चिकटवलेली, वर छापलेलं, 'हिम्मत है तो खोलो', आणि आत भानूचा चेहरा. त्या दिवाळीत मला फटाके नको होते, फ्रॉक नको होता. मला तो चेहरा हवा होता, आणि हवा होता नलूच्या आधी.

नागपुरात त्या अंकाचे गठ्ठे फार थोडे आले. सीताबर्डीच्या म्हाताऱ्या विक्रेत्याने हात झटकले. वसाहतीत कुणालाच मिळाला नाही. पाडव्याला आम्ही गांधीबागेत गेलो, तर नलू जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती, आणि तिचं तोंड पाहूनच मला कळलं. काकाजींचा एक फिरता माणूस इंदूरहून घेऊन आला होता.  चिवडा पुढे आला, चकल्या आल्या, अनारसे आले. मी काय खाल्लं ते मला आठवत नाही, आणि माझ्याबाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठी माणसं पडली होती. मागच्या खोलीत, गठ्ठ्यांच्या आडोशाला, नलूने खोकं उघडलं. अंक प्लास्टिकमध्ये होता. कव्हरवर भानू, हात नकाबाला लावलेला. इतका कोरा कागद मी आयुष्यात पाहिला नव्हता. तिने तो काढला, मागची पानं दाखवली. चिकटवलेली कड जशीच्या तशी होती.

"तू पाह्यला नाही?" मी विचारलं.

"नाही."

"काहून?"

 तिने केसांतला आकडा काढला आणि माझ्यापुढे धरला.  ज्या मुलीने कधी कॉमिक पूर्ण उघडलं नव्हतं, ती मला पान फाडायला सांगत होती. "घडी तू मोड," ती म्हणाली. मग सवयीने माझ्या हातांकडे पाहिलं. "हात धुऊन ये पयले."

मी धुतले होते. दोनदा. आणि नेमकं त्याच दिवशी सकाळी, माझ्या डोळ्यांदेखत, आईने मावशीची गुलाबी साडी घडी करून, काठाला काठ लावून, दोन्ही हातांनी परत केली होती. मला सगळं एकदम दिसलं. मी पान फाडणार, चेहरा पाहणार, आणि मग अंक नलूच्या खोक्यात जाणार, आणि मी कोराडीच्या बसमध्ये. आईसारखी, रिकाम्या हाताने, फुललेल्या चेहऱ्याने.

"पाहून परतच द्या लागन नं?" मी म्हटलं. "नाही लागत मले. ठेव तुह्या खोक्यात."

"असं काहून करून राहिली वं?"

"मले नाही पाहा लागत तुह्या भानूचं थोबाड!"

मी उठून आई आडवी झाली होती तिथे गेले आणि तिच्या कुशीत शिरून रडले. आईला वाटलं पोट दुखतंय. ओव्याचं पाणी प्यावं लागलं.

त्यानंतर ते छापखानेवाले बुडाले की काय कोण जाणे, भानू पुन्हा आला नाही. चेहरा अंकातच तो संपला. मी मोठी झाले, शिकले, बँकेत लागले, कोराडी सुटली. नलूचं लग्न दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या कापडवाल्यांकडे झालं. तिच्या रुखवतात साड्यांची खोकी रचून ठेवली होती. तिच्या सासूने मोठ्या हौसेने वरचं उघडलं, तर आतून नकाबवाला निघाला. मांडवभर हशा झाला. मी हसले नाही. मी पाहिलं, की अंक सगळ्यात वर ठेवलाय आणि मागची कड अजून बंद आहे. पुढे मी जेव्हा जेव्हा तिच्याकडे गेले, हळदीकुंकवाला, बारशाला, काकाजी गेले तेव्हा, ते खोकं कपाटात वरच दिसायचं. ती कधी बोलली नाही, मी कधी विचारलं नाही. मी मनात म्हणायची, बाई मला जळवायला वर ठेवते. मेली कुबेराची राखणदार. ना स्वतः पाहते, ना कुणाला पाहू देते. भाचे म्हणाले, मावशी, तो चेहरा आता मोबाइलवर मिळतो, दाखवू? मी त्यांच्यावर इतकी ओरडले की पोरं पुन्हा त्या वाटेला गेली नाहीत. नलूने पाहिलेला नसताना मी कुठल्याशा काचेवर तो का पाहावा? आणि पाहिल्यावर जळायला मला उरलं काय असतं?

गेल्या हिवाळ्यात नलूचा फोन आला. तिचा मुलगा तिला बंगळुरूला नेतोय, दुकान कधीच बंद झालंय, घर दिलंय. "कॉमिक पाहाले एक पोरगा येऊन राहिला. तू ये. तू आल्याबिगर मी खोकं उघडत नाही." मी गेले. खोटं कशाला बोलू, तिची कॉमिक्स जाताना पाहायला मिळणार म्हणून लगबगीने गेले.

तो तिशीचा माणूस, प्रणव नावाचा, फार नीटनेटका होता. जुन्या कॉमिक्सची पारख करणं हा त्याचा धंदाच. टेबलावर स्वच्छ कापड अंथरून त्याने एकेक कॉमिक काढलं, भिंगाने पाहिलं. काठ सरळ आहेत का, पिना गंजल्यात का, घडी पांढरी पडलीय का. मला काकाजींचीच आठवण झाली. तो प्रत्येकाला दहापैकी गुण देत होता, आणि नलूचं एकही कॉमिक नवाच्या खाली उतरेना. प्रत्येक गुणासरशी मी खुर्चीत सरकत होते. मी बरोबर नेलेलं माझं एक त्याला हळूच दाखवलं. त्याने ते हुंगलं, हसला, म्हणाला, "मावशी, हे तुमच्याजवळच ठेवा. यात जेवण आहे." नलू खो खो हसली. मी तिच्याकडे पाहिलंच नाही.

शेवटी चेहरा अंक निघाला. प्रणवने तो उलटला, मागची कड पाहिली, आणि भिंग खाली ठेवलं. त्याचा आवाज बदलला. म्हणाला, हा अंक मी फाडलेलाच पाहिला आहे. सगळ्या देशात पोरांनी हातात पडताच पान फाडलं. न मोडलेला शिल्लक असेल असं कुणालाच वाटत नाही. मग त्याने एक आकडा सांगितला. तो मी लिहीत नाही, पण तो ऐकून नलूचा मुलगा उभ्याचा खाली बसला. आणि मी, या वयात, पुन्हा त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होते.

"मावशी, तुम्हाला तेव्हाच कसं कळलं, की हे न फाडता ठेवायचं?" प्रणवने विचारलं.

"मले काय कळते बापू?" नलू म्हणाली. तिने माझ्याकडे बोट केलं. "घडी हिले मोडाले देल्ली होती. हिनं मोडली नाही. मंग मले कशी मोडता येईन?"

 मला मावशीची वांगी टसर आठवली. घरच्या लग्नातली मावशीची जुनी साडी आठवली. दिलेली घडी एकदाच द्यायची असते, मागे लागून विचारायचं नसतं, हेही आठवलं. इतकी वर्षं मी त्या खोक्याकडे बघून जळत होते, आणि ते खोकं माझी वाट बघत होतं. सगळी हवेली नलूची आणि एक खोली माझी, आणि मी बाहेर उभी राहून हवेलीला शिव्या देत होते. आणि खरं सांगू? मला आधी रडू नाही आलं, आधी रागच आला. नाकाने पुढे, घराने पुढे, कॉमिक्सनेही पुढे, आणि आता जीव लावण्यातही हीच पुढे!

"तुलेही नाही दिसला तो?" मी विचारलं. "इतक्या वर्सांत?"

"नाही नं. पोट्टे सांगून राहिले होते, मोबाइलवर हाय म्हणून. मी म्हटलं, ते आली की पाहू."

तिने अंबाड्यातला आकडा काढला. केस आता इतके विरळ, की अंबाडा लगेच सुटला. प्रणवला काय होतंय ते कळलं आणि तो खुर्चीवरून उठला. "नका, मावशी, प्लीज, तुम्हाला कल्पना नाही..." तिचा मुलगाही "आई, थांब" म्हणाला. नलूने दोघांकडे पाहिलंसुद्धा नाही. अंक उचलून तिने माझ्या मांडीवर ठेवला आणि आकडा माझ्यापुढे धरला. 

मी आकडा घेतला नाही. मी मोरीकडे जायला उठले. गुडघा कळवळला, पण उठले.

नलूने माझं मनगट धरलं. "कुठी चालली?"

"हात धुऊन येऊ दे."

"राहू दे वं," नलू म्हणाली. "तशीच मोड."

मी मोडली. कड फाटतानाचा आवाज अगदी बारीक होता. कोरं पान पुरतं उघडून, घडीवर तळवा दाबून, आम्ही दोघींनी डोक्याला डोकं लावून पाहिलं. नलूची मान त्या वेळीसुद्धा वाकडीच होती. अंक तिने माझ्याच पिशवीत घातला. परत घ्यायला तयारच होईना. तो आता माझ्या उशाशी आहे, वर माझं एक लाल बोटही उमटलंय.

भानूचा चेहरा कसा होता, ते मी इथे लिहिणार नाही. थोडं तुम्हीही जळा.